चौदाशे माणसं

ग्रेट स्मोकी माउंटन्सला आम्ही आत्तापर्यंत पाच-सहा वेळा तरी गेलो असू. अटलांटाहून गाडीने चारेक तास, त्यामुळे देशातून कुणी आलं की दाखवायला हे हक्काचं ठिकाण. ऑक्टोबरातले रंग, धुकं, अस्वल दिसलं की लागणारी गाड्यांची रांग, हे सगळं इथे लिहून झालंय. आज लिहितोय ते त्याच डोंगरात १९६९ साली झालेल्या एका शोधाबद्दल. गेले काही दिवस त्याबद्दल जमेल तेवढं वाचतोय आणि डोक्यातून जात नाहीये.

१४ जून १९६९, शनिवार. दुसऱ्या दिवशी फादर्स डे. टेनेसीतल्या नॉक्सविलचं एक कुटुंब डोंगरात मुक्कामाला आलं होतं: आजोबा, वडील आणि दोन मुलं. धाकटा सहा वर्षांचा, आठवड्याभरात सात पूर्ण होणार होती. स्पेन्स फील्ड नावाचं जवळजवळ पाच हजार फुटांवरचं गवताळ पठार आहे, तिथे हे सगळे दुपारी टेकले होते. ओळख झालेल्या दुसऱ्या कुटुंबातली दोन मुलंही होती. चौघांनी बेत केला की झाडीतून वळसा घालून जायचं आणि मोठ्यांना मागून दचकवायचं. धाकट्याचा शर्ट लाल, लांबूनही दिसेल असा. म्हणून तिघे एका बाजूने गेले आणि तो एकटा दुसऱ्या बाजूने.

साडेचारच्या सुमाराला तिघे ओरडत बाहेर आले. चौथा आला नाही.

पाच-दहा मिनिटांची गोष्ट. वडील हाका मारत पायवाटेने कितीतरी लांब धावत गेले. आजोबा खाली केड्स कोव्हच्या रेंजर ठाण्याकडे निघाले, पोचेपर्यंत रात्र पडायला आली. आणि त्या रात्री पाऊस कोसळला. अडीच-तीन इंच, म्हणजे ओढे भरून वाहायला लागतील इतका.

हा डोंगर ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून मखमली दिसतो, पण उतारांवर ऱ्होडोडेंड्रॉन आणि लॉरेलची अशी दाट जाळी माजलेली असते की तिथले लोक तिला सरळ ‘नरक’ म्हणतात. आपल्या करवंदीच्या जाळीत बकरू शिरलं की जे होतं, तेच, फक्त मैलच्या मैल. दोन हातांवर माणूस असला तरी दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे शोध सुरू झाला तेव्हा तीसेक माणसं होती. मग बातमी पसरली. कॉलेजची मुलं आली, बॉय स्काउट्स आले, जवळपास सराव करत असलेले लष्कराचे ग्रीन बेरे जवान आले, हेलिकॉप्टरं आली. आठवड्याभरात एका दिवसातली संख्या चौदाशेच्या घरात पोचली. छप्पन्न चौरस मैल धुंडाळून झाले. पाऊस अधूनमधून चालूच. २९ जूनला मोठा शोध थांबवण्यात आला. मुलगा सापडला नाही.

त्या दिवसांत एका ठिकाणी लहान मुलाच्या पावलांचे ठसे दिसले होते असं सांगतात. एक पाय अनवाणी, एकात बूट. पण शोधात स्काउटची मुलंही होती, त्यांचेच असतील म्हणून ती गोष्ट मागे पडली. (एका पायात बूट घालून कुठला स्काउट हिंडतो, हा प्रश्न नंतर पुष्कळांनी विचारला.) मला मात्र निर्णयापेक्षा त्यामागची स्थिती जास्त छळते. शेकडो माणसं चिखल तुडवत असताना कुठल्याही ठशाबद्दल खात्रीने बोलणार कोण? कुत्र्यांना वास तरी कुणाचा द्यायचा, आणि तो उरणार कुठे? आलेल्यांपैकी प्रत्येक जण घरची कामं टाकून, स्वतःच्या खर्चाने, त्या पोरासाठी आला होता. आणि बहुधा त्यांच्याच पायांखाली त्याचा माग पुसला गेला. मी त्या वेळी नॉक्सविलमध्ये असतो तर मीही गेलो असतो.

आपल्याकडे पूर्वी दख्खनच्या गावांत रखवालदाराचं हे कामच असे. चोरी झाली की पावलांचा माग शिवेपर्यंत काढायचा आणि तिथून पुढच्या गावाच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. माग काढायचा तर आधी गर्दी हटवायची, हे त्या माणसाला कुणी शिकवावं लागलं नसेल.

राष्ट्रीय उद्यानांच्या खात्याला ते या शोधाने शिकवलं. पुढे शोधाच्या पद्धती बदलल्या. आधी थोडी पण तयार माणसं. जिथे शेवटचं दिसलं ती जागा राखायची, वाटांच्या तोंडाशी माणसं बसवायची म्हणजे हरवलेला नकळत बाहेर पडणार नाही, आणि हौशी मदतनीस दमाने, गरजेपुरते. याच सुमाराला विल्यम सायरोटक नावाच्या माणसाने दोनशेवर प्रकरणं गोळा करून वेगळाच प्रश्न विचारला: हरवलेली माणसं प्रत्यक्षात करतात काय? शिकारी सावजामागे वाट सोडतो, ट्रेकर बहुतेकदा चुकीच्या फाट्याला लागतो. लहान मूल दमलं की एखाद्या आडोशाला शिरून झोपतं आणि हाकांना ओ देत नाही. रॉबर्ट केस्टर यांनी २००८ साली हेच काम पन्नास हजारांवर प्रकरणं घेऊन पुढे नेलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधायला वापरलेलं संभाव्यतेचं गणितही जंगलात आलं. त्याच्या तपशिलात शिरत नाही, अर्धे वाचक पळतील.

ओ न देण्याचं कारण वाचून मात्र मी चरकलो. अनोळखी माणसाशी बोलायचं नाही, हे आपणच पोरांना बजावलेलं असतं. मग रात्री जंगलात दहा अनोळखी पुरुष दिवे घेऊन, नाव घेत ओरडत आले की मूल लपतं. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरात नऊ वर्षांचा मुलगा हरवला आणि चौथ्या दिवशी मृत सापडला. त्या शोधात असलेल्या अॅब टेलर या सरहद्दीवरच्या मुरब्बी माग काढणाऱ्याने मग शाळाशाळांतून शिकवायला सुरुवात केली: हरवलास तर एका झाडाला मिठी मार आणि तिथेच थांब. शिट्टी जवळ ठेव, पावसात अंगावर घ्यायला कचऱ्याची मोठी पिशवी ठेव, शोधायला येतात त्यांना घाबरू नकोस, आणि हरवलास म्हणून घरी कुणी रागावणार नाही. हे शेवटचं सांगावं लागतं, याचं मला फार वाईट वाटलं. (ताई, पोरांना पावसाळ्यात राजमाचीला नेणार आहेस ना? शिट्ट्या घे.)

स्मोकीजच्या त्या मुलाची गोष्ट १९८५ मध्ये एकदा पुन्हा वर आली. एका माणसाने येऊन सांगितलं की शोधानंतर काही वर्षांनी ट्रेमाँटच्या बाजूला एका घळीत आपल्याला लहान मुलाची हाडं दिसली होती. तो तिथे चोरून जिनसेंगची मुळं उपटायला गेला होता. उद्यानात ते बेकायदा, सांगितलं तर आपणच अडकू म्हणून गप्प राहिला. तीसेक अनुभवी माणसं त्या उतारावर गेली. चौदाशे नाही, तीस, आणि काय शोधायचं ते माहीत असलेली. पण तोवर सोळा पावसाळे होऊन गेले होते. काही मिळालं नाही.