कवायतीच्या पुस्तकाचा पहिला धनी

इतिहास म्हणजे केवळ राजे व सेनापति यांचीं चरित्रें, असा पुष्कळांचा समज असतो. परंतु ज्या हातांनीं बंदुका वाहिल्या व खंदक खणले, त्या हातांचाहि एक इतिहास असतो. तो शोधूं पाहणाऱ्यास कधीं कधीं एखादें जीर्ण पुस्तकच वाट दाखवितें. ब्रिटिश युद्धखात्यानें १९१४ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘इन्फन्ट्री ट्रेनिंग’ हें असेंच खिशांत मावणारें पुस्तक होय. पायदळानें कवायत कशी करावी, चढाई कशी करावी, याचे नियम त्यांत आहेत. त्याच्या एखाद्या प्रतीच्या पहिल्या पानावर फिकट शाईनें नांव, हुद्दा व पलटण लिहिलेली आढळली, म्हणजे सहज प्रश्न उठतो: हा मनुष्य कोण? पुढें त्याचें काय झालें?

प्रथम साक्ष पुस्तकाचीच घ्यावी. छपाईचें साल १९१४ असलें, म्हणून तें त्याच वर्षीं धन्याच्या हातीं आलें असें ठरत नाहीं. त्यापूर्वीं आलें नाहीं, एवढेंच ठरतें. हुद्दा अधिकाऱ्याचा असल्यास ‘आर्मी लिस्ट’ ही सूची व ‘लंडन गॅझेट’ हें सरकारी पत्र पाहावें. नेमणुका व बढत्या तेथें तारखेसह छापल्या जात. साधा शिपाई असल्यास काम कठीण. १९२० पूर्वीं शिपायाचा क्रमांक सबंध सैन्याचा नसून त्याच्या पलटणीपुरता असे. त्यामुळें एकच क्रमांक अनेकांस मिळे. शिवाय १९१७ सालीं टेरिटोरियल फोर्समधील शिपायांस नवे क्रमांक देण्यांत आले. यास्तव नांव, क्रमांक व पलटण हीं तिन्ही जुळल्यावांचून निर्णय करूं नये.

तिन्ही जुळलीं, तरी वाट मोकळी होतेच असें नाहीं. पहिल्या महायुद्धांतील ब्रिटिश शिपायांचे नोकरीचे कागद लंडनमधील एका कोठारांत ठेविले होते. सप्टेंबर १९४० मध्यें जर्मनांच्या बॉम्बहल्ल्यांत तें पेटलें आणि सुमारें ६० टक्के कागद नष्ट झाले. जे उरले ते आगीनें करपलेले व पाण्यानें भिजलेले. पदकांची नोंद करणारीं कार्डें मात्र वांचलीं. आज पुष्कळांचा माग त्या त्रोटक नोंदीवरूनच काढावा लागतो.

अशा वेळीं देवळांतील नोंदवह्या कामीं येतात. कंपनी सरकारच्या काळापासून मुंबई, मद्रास व बंगाल इलाख्यांतील स्नानसंस्कार, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या नकला विलायतेस पाठविल्या जात. त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. पुण्याच्या छावणींत जन्मलेल्या एखाद्या गोऱ्या शिपायाच्या मुलाचें नांव आईबापांच्या नांवांसह तेथें सांपडूं शकतें. ज्या पाद्रीनें ती ओळ लिहिली, त्याला पुढील शतकांतल्या शोधकाची कल्पना नसेल. त्यानें आपलें नित्याचें काम चोख केलें, इतकेंच.

उलटपक्षीं, जेथें नांव लिहिलेंच गेलें नाहीं, तेथें काय होतें? सहाव्या पुणें डिव्हिजनमधून १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत त्यांनीं उपासमार सोसली आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं तेथील फौज शरण गेली. बसऱ्याच्या युद्धस्मारकावर ब्रिटिश मृतांचीं नांवें कोरण्यांत आलीं. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीखालीं केवळ संख्या आली. स्मारकें सांभाळणाऱ्या युद्धसमाधि आयोगानें २०२१ सालच्या अहवालांत अशा विषमतेची कबुली दिली. मरण सर्वांस सारखेंच आलें; स्मरण मात्र सारखें झालें नाहीं.

वाचकहो, आपणांस यांतून घेण्याजोगा बोध साधा आहे. घरांतील जुन्या पुस्तकांवर व छायाचित्रांच्या पाठीवर पूर्ण नांव, वडिलांचें नांव, गांव व साल लिहून ठेवावें. आपल्या धर्मग्रामाच्या नोंदवह्या वाळवीपासून व ओलीपासून जपाव्या. मोठ्यांचीं नांवें जग लक्षांत ठेवितें. लहानांचीं नांवें मात्र कोणीतरी लिहून ठेविलीं, तरच राहतात.