दिनविशेष : एका नोंदीचा मागोवा

शाळेच्या परिपाठात प्रार्थना, प्रतिज्ञा आणि सुविचार झाला की एक विद्यार्थी पुढे येऊन दिनविशेष वाचतो : अमुक साली अमक्यांचा जन्म, तमुक साली तमक्यांचे निधन. मिनिटभरात संपणाऱ्या या नोंदीला दोन हजार वर्षांहून मोठा पूर्वेतिहास आहे. तो पाहायचा तर आपण आधी रोमला जाऊ. तिथे दिनदर्शिका भिंतीवर रंगवीत किंवा संगमरवरात कोरीत. आंतियम या गावी सापडलेली अशी एक रंगीत दिनदर्शिका ज्यूलियस सीझरने कालगणना सुधारली त्याच्याही आधीची आहे. सण, बाजार आणि न्यायसभा यांच्या जोडीने देवळांच्या प्रतिष्ठापनेचे दिवसही रोमन लोक अशा पटांवर नोंदवीत. आलिया नदीकाठी गॉल टोळ्यांकडून झालेला पराभव त्यांनी १८ जुलैशी कायमचा जोडला आणि तो दिवस अशुभ ठरवला.

पुढे ख्रिस्ती समाजाने या पटावर माणसे आणली. फिलोकॅलस याने इ.स. ३५४ मध्ये सिद्ध केलेल्या संग्रहात हुतात्म्यांच्या दफनाचे दिवस महिनेवार दिले आहेत. हुतात्म्याचा मृत्युदिन हाच त्याचा स्वर्गातील जन्मदिन, ही त्यामागची श्रद्धा. आठव्या शतकात इंग्लंडमधील बीड या संन्याशाने नुसत्या नावांवर न थांबता हे कोण, कुठे, कसे मेले हेही त्या त्या दिवसापाशी थोडक्यात लिहिले. आजच्या दिनविशेषाचा खरा पूर्वज मी बीडलाच मानतो. याच वाटेने १८६४ साली रॉबर्ट चेंबर्स यांचा दोन खंडांचा ‘बुक ऑफ डेज’ आला आणि संतांच्या शेजारी कवी, शास्त्रज्ञ, सेनापती बसले.

आता आपण गोदाकाठी येऊ. इथे नोंद तारखेने नव्हे, तिथीने होत असे आणि तिचा आधार वारी व कीर्तन हा होता. कार्तिक वद्य त्रयोदशी ज्ञानेश्वरांची, फाल्गुन वद्य द्वितीया तुकोबांची, माघ वद्य नवमी समर्थांची. जन्मापेक्षा प्रयाणाचा दिवस इथेही मोठा. पैठणच्या नाथषष्ठीची गोष्ट तर विलक्षण आहे. परंपरेनुसार जनार्दनस्वामींचा जन्म, त्यांना लाभलेला दत्तात्रेयांचा अनुग्रह, एकनाथांना लाभलेला जनार्दनस्वामींचा अनुग्रह, स्वामींची समाधी आणि शके १५२१ मधील नाथांची जलसमाधी, हे सारे फाल्गुन वद्य षष्ठीचेच. म्हणूनच तिला पंचपर्वा षष्ठी म्हणतात. एका दिवसावर पाच घटना गुंफणारा असा दिनविशेष मराठी मुलखाने छापखान्याच्या कितीतरी आधी रचला होता.

तिथी आणि तारीख यांची गाठ पडली तेव्हा मात्र गुंता झाला. पोप ग्रेगरी यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. स्पेनच्या संत तेरेसा त्याच रात्री वारल्या आणि त्यांचा स्मृतिदिन १५ ऑक्टोबरला पाळला जाऊ लागला. इंग्लंडने ही सुधारणा १७५२ पर्यंत स्वीकारली नाही. त्यामुळे शिवकाळातील इंग्रजांच्या तारखा जुन्या, म्हणजे ज्यूलियन पद्धतीच्या आहेत. शिवराज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्यांतलीच.

शिवाजी महाराजांच्या जन्माची नोंद तर कित्येक हातांतून गेली. बखरींच्या आधारे बराच काळ १६२७ हे साल धरले जाई. पुढे कारीच्या जेधे देशमुखांच्या घरची शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कालक्रमाने लिहिलेल्या तिच्या त्रोटक नोंदींत महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, शिवनेरी असा मिळाला. १९२७ मध्ये छापल्या गेलेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’नेही तीच तिथी सांगितली. तिची ज्यूलियन तारीख १९ फेब्रुवारी १६३०. शासनाने पुढे हीच मान्य केली. ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च येतो. एका जन्मासाठी विद्वानांनी इतकी वर्षे झिजावे, यातच या नोंदीचे मोल आहे.

पुढचा प्रवास झपाट्याचा. सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांच्या चरित्रकोशाचे तीन खंड १९३२, १९३७ आणि १९४६ मध्ये आले आणि जन्ममृत्यूचे साधन एका जागी सापडू लागले. प्रल्हाद नरहर जोशी यांनी दिनविशेष तिथीवार मांडले. १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांचे ‘कालनिर्णय’ निघाले आणि तिथी व तारीख, जयंती व पुण्यतिथी भिंतीवरच्या एकाच चौकोनात शेजारी आल्या.

तेव्हा फलकावर दिनविशेष लिहिणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. तारखेसोबत साल लिहाच. जुन्या घटनेपुढे शक आणि तिथीही लिहा. १९ फेब्रुवारीच्या नोंदीखाली ‘फाल्गुन वद्य ३, शके १५५१’ एवढी ओळ येऊ द्या आणि ती कुठून आली हे मुलांना सांगा.