त्रैराशिक ते पीएलसी : ठाणे-कल्याण-डोंबिवली औद्योगिक पट्ट्यातील ॲनालॉग संकेत-स्केलिंगच्या शिक्षणाचा मागोवा

प्रस्तावना

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास प्रामुख्याने जमीन, भांडवल, कामगार चळवळ आणि प्रदूषण या अंगांनी अभ्यासला जातो. कारखान्यात मापन कसे होत आले आणि ते कामगारांना व विद्यार्थ्यांना कसे शिकविले गेले, हा प्रश्न त्या मानाने दुर्लक्षित आहे. प्रस्तुत लेखात त्यातील एका मर्यादित भागाचा, म्हणजे पीएलसी या औद्योगिक नियंत्रकाच्या प्रोग्रामिंगमधील ॲनालॉग संकेतांच्या स्केलिंगचा, ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

रिॲक्टरचे तापमान किंवा टाकीतील पातळी या सलग बदलणाऱ्या राशी होत. ट्रान्समीटर त्यांचे विद्युतप्रवाहात रूपांतर करतो, नियंत्रकाचे ॲनालॉग मॉड्यूल त्या प्रवाहाचा एक पूर्णांक बनविते आणि प्रोग्राम त्या पूर्णांकावरून पुन्हा अंश सेल्सिअस किंवा मीटर काढतो. या अखेरच्या पायरीला स्केलिंग म्हणतात. तिचे गणित भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) आलेल्या आणि आपल्या शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविल्या गेलेल्या त्रैराशिकापेक्षा फारसे वेगळे नाही. अडचण गणितात नसून त्यातील आकड्यांचा अर्थ जाणण्यात आहे. तो अर्थ इतिहासातून घडला आहे, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

१. हवेच्या दाबाचे युग

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. ठाण्याची वागळे इस्टेट हे महामंडळाचे पहिले औद्योगिक क्षेत्र होय. त्याच दशकात डोंबिवलीचे क्षेत्र उभे राहिले व तेथे रंग, रसायने व कापड-प्रक्रियेचे उद्योग आले. कल्याणजवळ मोहने येथे नॅशनल रेयॉन (२००९ मध्ये बंद) आणि शहाड येथे सेंच्युरी रेयॉन हे मोठे कारखाने याआधीच उभे होते. अशा उद्योगांत तापमान, दाब व प्रवाह यांवर सतत लक्ष ठेवणे अपरिहार्य असते.

त्या काळी प्रक्रिया-उद्योगांत मापनाचा संकेत बहुधा हवेच्या दाबाच्या रूपाने जात असे. दर चौरस इंचास ३ ते १५ पौंड ही त्याची प्रचलित मर्यादा होती. मापन शून्य टक्के असता ३, पन्नास टक्के असता ९ आणि शंभर टक्के असता १५ पौंड. इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकला या पाच बिंदूंचे, ३, ६, ९, १२ व १५ यांचे, कोष्टक तोंडपाठ असे. स्केल तबकडीवर छापलेले असे, दाब मोजता येई आणि दोहोंचा मेळ स्क्रू फिरवून जुळविता येई. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक (केमिकल प्लांट)’ यांसारख्या व्यवसाय-अभ्यासक्रमांनी या हस्तकौशल्याला औपचारिक रूप दिले. स्केलिंग हा शब्द तेव्हा वापरात नसला, तरी ते ज्ञान एकाच माणसाच्या हाती अखंड होते.

२. चार मिलीअँपिअरचा अर्थ

पुढे हवेच्या नळीची जागा तारेने घेतली आणि ४ ते २० मिलीअँपिअर ही मर्यादा रूढ झाली. ३ ला १५ आणि ४ ला २० ही दोन्ही गुणोत्तरे एकास पाच अशीच आहेत. या प्रवाहाच्या मार्गात २५० ओहमचा रोध ठेवल्यास १ ते ५ व्होल्ट मिळतात. तेथेही तेच गुणोत्तर. जुन्या युगाने नव्या युगाला दिलेला हा वारसा आहे.

मापन शून्य असताना संकेत शून्य का नसतो, याचे उत्तर या वारशात आहे. नळी फुटली किंवा तार तुटली, तर संकेत खरोखरच शून्यावर येतो. शून्य मापन आणि तुटलेली तार यांतील भेद कळावा म्हणून मोजणीचा आरंभ शून्याच्या वर ठेवला गेला. ही ‘जिवंत शून्या’ची कल्पना ज्याला कळली नाही, त्याला सूत्रातील ४ हा आकडा केवळ वजा करावयाची एक कटकट वाटतो.

३. तबकडीकडून पूर्णांकाकडे

पीएलसीचा जन्म १९६८-६९ चा. जनरल मोटर्सच्या गरजेतून डिक मॉर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हा नियंत्रक तयार केला. त्याचे काम रिलेंच्या कपाटांची जागा घेण्याचे होते. म्हणजे त्याचे मूळ जग ‘चालू’ व ‘बंद’ एवढेच होते. लॅडर ही त्याची भाषा विद्युत आराखड्यांवरून आली. सलग राशी या घरात नंतर पाहुण्या म्हणून आल्या आणि प्रत्येक उत्पादकाने त्यांना आपापल्या रीतीने आकडे दिले.

सीमेन्सच्या एस-७ मालिकेत ४ ते २० मिलीअँपिअरसाठी ० ते २७६४८ हे पूर्णांक येतात. ॲलन-ब्रॅडलीच्या एसएलसी ५०० मध्ये त्याच प्रवाहासाठी सुमारे ३२७७ ते १६३८४ येतात. सोळा बिटांत ३२७६७ पर्यंत जाणे शक्य असता सीमेन्सने २७६४८ वर पूर्ण मर्यादा का ठेवली? मर्यादेबाहेर गेलेले मापनही काही अंतरापर्यंत, ३२५११ पर्यंत, ओळखता यावे म्हणून. म्हणजे या आकड्यातही जिवंत शून्यासारखीच सावधगिरी दडलेली आहे.

४. शिक्षणातील दुभंग

येथे एकसंध ज्ञानाचे दोन तुकडे झाले. ट्रान्समीटर इन्स्ट्रुमेंटेशनच्या वाट्याला गेला, प्रोग्राम विद्युत व इलेक्ट्रॉनिक्सच्या. पीएलसीच्या प्रयोगवहीत मोटर सुरू-बंद करणे, वाहतुकीचे दिवे, टायमर व काउंटर हे प्रयोग आधी येतात. यंत्राचा जन्मक्रमही तोच असल्याने हे स्वाभाविक आहे. परंतु रासायनिक उद्योगाच्या या पट्ट्यात नोकरीला लागणाऱ्या पदविकाधारकासमोर पहिल्या दिवसापासून ॲनालॉग संकेत उभे राहतात.

तयार फंक्शन ब्लॉकमुळे हा दुभंग झाकला जातो. सीमेन्समध्ये ‘स्केल’ किंवा ‘नॉर्म-एक्स’ व ‘स्केल-एक्स’ यांची जोडी, ॲलन-ब्रॅडलीमध्ये ‘एससीपी’. विद्यार्थ्याने मर्यादा भरल्या की उत्तर मिळते. मात्र त्या मर्यादा कोठून येतात, हे ब्लॉक सांगत नाही.

५. चुकीचे मोल

० ते २०० अंशांचा तापमान-ट्रान्समीटर घेऊ. रिॲक्टर १६० अंशांवर आहे. विद्यार्थ्याने सोळा बिटांची कमाल मर्यादा म्हणून २७६४८ ऐवजी ३२७६७ भरले, तर पडद्यावर १३५ अंश दिसतील. १५० अंशांवर ठेवलेला इशारा वाजणारच नाही. प्रोग्राम निर्दोष चालेल, कोणताही दिवा लाल होणार नाही. उलट मॉड्यूल ० ते २० वर ठेवून ट्रान्समीटर ४ ते २० चा जोडला, तर त्याच वेळी १६८ अंश दिसतील आणि रिकाम्या, शून्य अंशाच्या पात्राचे तापमान ४० अंश दिसेल. पूर्णांकांचा भागाकार आधी केला, तर पूर्ण मर्यादेखालील प्रत्येक धन मापनाचे उत्तर शून्य येईल. गुणाकार आधी केला, तर सोळा बिटांची मर्यादा ओलांडली जाईल. म्हणून त्रैराशिक येथे दशांश संख्यांत मांडावे लागते.

डोंबिवलीने २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी रासायनिक कारखान्यांतील भीषण स्फोट पाहिले आहेत. त्यांच्या कारणांची चिकित्सा प्रस्तुत लेखाच्या कक्षेत येत नाही, आणि त्यांचा संबंध स्केलिंगशी जोडण्याचा हेतूही नाही. परंतु ज्या वस्तीच्या भिंतीला लागून रिॲक्टर उभे आहेत, तेथे पडद्यावरचा आकडा खरा असणे हा केवळ गुणपत्रिकेचा विषय राहत नाही.

निष्कर्ष

स्केलिंगचे सूत्र एका तासिकेत शिकविता येते. त्यातील चार आकड्यांची साक्ष देण्यास अधिक वेळ लागतो. प्रत्येक प्रयोगात जुन्या मेकॅनिकप्रमाणे पाच बिंदू तपासणे, पाचही ठिकाणी प्रवाह, पूर्णांक व अंश एकाच कोष्टकात लिहिणे आणि अखेरीस तार सोडवून काय दिसते ते नोंदविणे, एवढा बदल कोणत्याही प्रयोगशाळेत नव्या खर्चाविना शक्य आहे. गणिताच्या प्राध्यापकाने त्रैराशिक, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाने प्रवाह आणि इतिहासाच्या प्राध्यापकाने या परिसरातील कारखान्यांची स्मृती जोडून दिली, तर हातातून निसटलेले ते अखंड ज्ञान वर्गात पुन्हा एकत्र येऊ शकेल.