मांजराची बाग आणि काझीचे अंगण

कैरोच्या उत्तरेस हुसैनिया भागात सुलतान अल्-जाहिर बैबर्सची विस्तीर्ण मशीद उभी आहे. ऐन जालूतच्या मैदानात १२६० साली मंगोलांना थोपवणाऱ्या मामलूक फौजेतला हा सेनानी त्याच वर्षी तख्तावर बसला आणि १२७७ मध्ये दमास्कस येथे वारला. त्याच्या लढाया, त्याची डाकव्यवस्था यांवर इतिहासकारांनी भरपूर लिहिले आहे. आम्हाला येथे बोलायचे आहे ते त्याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका लहानशा वक्फाविषयी. आपल्या मशिदीजवळची एक बाग त्याने कैरोतील बेवारस मांजरांसाठी वक्फ केली होती. लोक तिला 'गैत अल्-कुत्ता', म्हणजे मांजराची बाग म्हणत.

या बागेचे पुढे काय झाले ते एडवर्ड विल्यम लेन या इंग्रज अभ्यासकाने लिहून ठेवले आहे. कैरोत अनेक वर्षे राहून त्याने मिसरी लोकांच्या चालीरीतींवर पुस्तक लिहिले. ते १८३६ साली प्रसिद्ध झाले. वक्फाची मिळकत विकता येत नाही, वारसाने देता येत नाही, हे मदरशातल्या पोरालाही ठाऊक असते. तरीही ही बाग वक्फ झाल्यावर पुनःपुन्हा विकली गेली. सबब ठरलेली: बाग उजाड झाली आहे, दुरुस्तीला खर्च फार, उत्पन्न काही नाही. लेनच्या काळी मांजरांच्या वाट्याला 'हिक्र', म्हणजे जमिनीचा नाममात्र खंड तेवढा उरला होता. वर्षाला १५ पियास्टर. मुतवल्ल्यांनी ही सबब सांगावी आणि जमीन हातची जावी, हे वाचताना कैरो आपल्यापासून फार दूर आहे असे वाटत नाही.

जमीन गेली, पण जबाबदारी गेली नाही. सर्व वक्फांचा रक्षक म्हणून ती शहराच्या काझीवर येऊन पडली. रोज दुपार कलल्यावर काझीच्या न्यायालयापुढच्या मोठ्या अंगणात कसायाकडचे टाकाऊ मांस आणले जाई आणि मांजरांना हाका मारून बोलावले जाई. ज्यांना घरातले मांजर नकोसे होई तेही ते आणून याच अंगणात सोडून देत. पुढे पुढे या कामात हयगय होऊ लागली, असेही लेन नमूद करतो. तरीसुद्धा सुमारे साडेपाचशे वर्षांनंतर एका न्यायाधीशाच्या अंगणात मांजरांचा हक्क कागदावर का होईना शिल्लक होता, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

हा हक्क आला कोठून? मांजराला कोंडून ठेवून उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. तिचा अपराध दुहेरी होता. तिने स्वतः खायला घातले नाही आणि बाहेर सोडून जमिनीवरचे किडे-प्राणी पकडून खाऊ दिले नाहीत. भाष्यकारांनी यावरून असे म्हटले की मांजर बाळगणे, प्रसंगी बांधणेही जायज आहे. अन्नपाण्यात मात्र कसूर नको. हजरत अबू कतादा यांनी वजूच्या पाण्याचे भांडे मांजरापुढे कलते केल्याची रिवायतही प्रसिद्ध आहे. तिच्यात मांजराला नापाक नव्हे, तर आपल्यात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी एक म्हटले आहे. (पैगंबरांनी निजलेल्या मांजरासाठी झग्याची बाही कापली ही गोड गोष्ट मात्र हदीसच्या प्रमाण ग्रंथांत सापडत नाही. ती लोककथाच समजावी.)

आमच्या मते सगळ्यांत बोलका दाखला हजरत अबू हुरैरा यांचा आहे. तिर्मिजीच्या संग्रहात त्यांच्या या नावाची हकीकत येते. ते घरच्या शेळ्यामेंढ्या चारत. त्यांच्याजवळ एक लहान मांजरी होती. रात्री ते तिला झाडावर ठेवत, दिवसा बरोबर नेत आणि तिच्याशी खेळत. रात्री झाड कशासाठी? हिंस्र जनावरांपासून बचाव हाच हेतू असावा, असा आमचा कयास आहे. म्हणजे मोकळीकही होती आणि राखणही होती, तीही अरबस्तानच्या उन्हात.

जुन्या कैरोतील घरांना मधोमध अंगण असे, जसा आपल्याकडच्या वाड्यांना चौक. वर आभाळ, चारी बाजूंनी भिंत, एका कडेला सावली. मांजराला याहून अधिक काय हवे? आज मुंब्र्यात किंवा कोंढव्यात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाकडे चौक नाही. दार उघडे टाकावे तर खाली वाहने आणि भटकी कुत्री. बंद ठेवावे तर ती हदीस आठवते. मांजराला पोटभर मिळते हे खरे, पण उंदीर-पाखरांमागे धावणारा जीव दिवसभर चार भिंतींत नुसता निजून राहतो.

यावर तोडगा फारसा अवघड नाही. गॅलरीला मजबूत जाळी बसवली की तोच चौक होतो. गच्चीवर न्यायचे तर गळपट्ट्याला दोरी बांधू नये. छाती-पोटाभोवती बसणारा पट्टा वापरावा, कारण कठड्यावरून उडी गेली तर गळ्याला फास बसतो. एप्रिल-मेमध्ये दुपारची गच्ची तव्यासारखी तापते आणि मांजराचे तळवे उघडे असतात. अंग चाटून ते स्वतःला थंड ठेवते; तोंड उघडून धापा टाकू लागले तर त्रास वाढला आहे असे समजून लगेच सावलीत, घरात न्यावे. पांढऱ्या कानांच्या मांजरांना तीव्र उन्हाने कानांचा कर्करोगही होऊ शकतो. म्हणून फजरनंतरची किंवा असरनंतरची वेळ बरी. काझीच्या अंगणातली मांजरेही दुपार कलल्यावरच गोळा होत असत.

बैबर्सच्या मशिदीने पुढे बरेच भोगले. नेपोलियनच्या फौजेने १७९८ साली तिचा किल्ला केला, नंतर तेथे साबणाचा कारखाना चालला, इंग्रजांनी तर खाटीकखाना थाटला. दीर्घ दुरुस्तीनंतर जून २०२३ मध्ये ती पुन्हा नमाजासाठी उघडली. बाग मात्र विकली गेली ती गेलीच.