घर सजवण्याचे पहिले 'ॲप' कागदाचे होते

१/ हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या आसपास नवा फ्लॅट घेणाऱ्यापुढे पहिला प्रश्न असतो : हप्ता भरून उरलेल्या पैशांत घर सजवायचे कसे? आज खोलीची मापे भरताच सजलेले घर पडद्यावर दाखवणारी साधने आहेत. त्यांचा एक पूर्वज मात्र छापील होता. #थ्रेड 🧵

२/ पूर्वी सुतार सांधे जोडण्यासाठी सरस वापरत. जनावरांची हाडे व कातडी उकळून केलेला हा चिकट पदार्थ दर वेळी तापवावा लागे. बळवंतराय पारेख यांनी १९५९ मध्ये फेविकॉल बाजारात आणले. ते तापवण्याची गरज नव्हती.

३/ कंपनीने थेट सुतारांना गाठले. पुढे फेविकॉलची फर्निचर बुके निघाली : कपाटे, पलंग, शोकेस यांची चित्रेच चित्रे. गिऱ्हाईक चित्रावर बोट ठेवी आणि सुतार टेप लावून खर्च सांगे.

४/ हा खर्च ठरे कसा? प्लायवूडचा प्रचलित तक्ता ८ × ४ फुटांचा, म्हणजे ३२ चौरस फुटांचा. कपाटाची पाठ ४ फूट रुंद असेल, तर एक तक्ता पुरतो. ती साडेचार फूट झाली, की केवळ ६ इंचांसाठी दुसरा तक्ता कापावा लागतो.

५/ चित्रात हे ६ इंच दिसत नाहीत; सुताराला दिसतात. म्हणून स्वस्त सजावटीचे डिजिटल साधन घडवणाऱ्याने रंगसंगतीच्या आधी तक्त्याची कापणी शिकावी, आणि तीही सुताराशेजारी बसून.