पाण्याने आणलेले सोने

दहाबारा वर्षांपूर्वीची गोष्ट. इचलकरंजीतल्या आमच्या शाळेत भूगोलाच्या तासाला मी मोठ्या थाटात सांगितले, "सोने-चांदी ही अग्नीची लेकरे. पृथ्वीच्या पोटातला शिलारस त्यांना वर आणतो." मागच्या बाकावरून हुपरीचा एक मुलगा उठला. त्याच्या घरी चांदीचे पैंजण घडवण्याचा धंदा. म्हणाला, "गुरुजी, मग आपला काळा पत्थर सगळाच लाव्ह्याचा. त्यात सोने का नाही?" मला उत्तर येत नव्हते, म्हणून "आगाऊपणा पुरे" असे दरडावून मी त्याला खाली बसवले. पुढल्या वर्षी त्याने शाळा सोडली. माझ्यामुळे सोडली असे नव्हे. पण त्याचे उत्तर माझ्याकडे उधार राहिले.

शोधू लागलो तेव्हा कळले, की या प्रश्नाने थोराथोरांना चकवले आहे. सॅक्सनीच्या खाणींच्या मुलुखात वैद्यकी करणाऱ्या ॲग्रिकोलाने १५४६ मध्ये लिहिले, की खडकांच्या भेगांतून वाहणारे पाणी धातू आणून ठेवते. पुढे १७९१ मध्ये वेर्नर म्हणाला, भेगा वरून, प्राचीन समुद्राच्या पाण्याने भरल्या. स्कॉटलंडचा हटन म्हणे, खालून वितळलेला रस घुसला. पाणी की अग्नी, असा तो तंटा! १८५८ मध्ये शेफील्डच्या सॉर्बीने दगडाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तो स्फटिकांच्या पोटात पाण्याचे इवले थेंब आणि त्यांत बुडबुडे! अग्नी आणि पाणी एकाच घरात नांदत होते.

आज शास्त्र सांगते ते असे. शिलारसात पाणी विरघळलेले असते. तो जमिनीखाली काही किलोमीटरांवर अडकून हळूहळू थिजू लागला, की ते पाणी त्यातून सुटते आणि जाताना गंधक, क्षार व धातू बरोबर नेते. भेगांतून वर येताना दाब उतरतो, पाणी उकळते, निवते. मग धातू वाहून नेणे त्याला जमत नाही. सायझिंगच्या बॉयलरमध्ये पाणी उकळून क्षारांची खपली धरते, ती आपल्या गावाला ठाऊक आहे. सोन्याचांदीच्या पुष्कळ शिरा म्हणजे अशीच खपली. १५४५ मध्ये दक्षिण अमेरिकेत सापडलेला पोतोसीचा चांदीचा डोंगर याच जातीचा. तिथली चांदी स्पेनमार्गे फिरत सुरतेला उतरली आणि मोगली रुपयांत आटली.

आमच्या शेजारच्या कर्नाटकातील हट्टीचे आणि २००१ मध्ये बंद पडलेल्या, तीन किलोमीटरांहून खोल कोलारच्या खाणींचे सोनेही गरम पाण्यानेच आणले. मात्र ते पाणी बहुतांशी शिलारसाचे नव्हे. खोल दडपलेल्या जुन्या खडकांतून उष्णतेने पिळून निघालेले, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे माझे "अग्नीची लेकरे" हे वाक्य तिथेही अर्धेच खरे!

आणि आपला काळा पत्थर? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो उघड्यावर पसरला. त्याचा रस मुळात पाण्याने गरीब. जी वाफ, जो वायू होता, तो आभाळात निघून गेला. धातू गोळा करून एका भेगेत साठवणारे कोणी राहिलेच नाही. आग पुष्कळ होती, हमाल नव्हता.

गेल्या दिवाळीत हे उत्तर घेऊन मी हुपरीला गेलो. तो भट्टीशी बसला होता. सगळे शांतपणे ऐकून म्हणाला, "गुरुजी, शुद्ध चांदी उघडी वितळवली तर हवा पिते. थिजताना ती हवा बाहेर पडते आणि चांदीवर फोड उठतात. लहानपणी ते बघूनच मी विचारलं होतं."

मी काही बोललो नाही. त्या तासाला त्याला खाली न बसवता फळ्यापाशी बोलावले असते, तर सारा वर्ग शिकला असता; मी तर नक्कीच.