झाड तोडण्याआधी मीटर लावा

मंडळी, 16 मे 2021 आठवतोय ना? तौक्ते वादळाने मालवणात कितीतरी झाडं आडवी केली. बातमीसाठी फिरताना पाहिलं, वरून हिरवीगार असलेली काही आतून कुजलेली निघाली. तेव्हापासून रस्त्याकडेचं जुनं झाड दिसलं की ऐकू येतं, "तोडून टाका."

पण झाडाची तब्येत विजेने तपासता येते. 10 मे 1901 रोजी जगदीशचंद्र बोस यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दाखवलं की वनस्पतीही विजेच्या रूपाने प्रतिसाद देते. विष दिलं की तो मंदावतो, मेली की थांबतो. पुढे 1970च्या दशकात अमेरिकेच्या वनखात्यातले ॲलेक्स शायगो यांनी खोडासाठी 'शायगोमीटर' आणला. खोडाला बारीक भोक पाडायचं, आत सळी घालायची, हलका विद्युतप्रवाह सोडायचा. कुजणाऱ्या लाकडात ओल आणि क्षार वाढतात, म्हणून वीज सहज वाहते. रोध एकदम घसरला की समजायचं, आत कूज आहे.

2021च्याच कायदादुरुस्तीने राज्यातल्या शहरांत 50 वर्षांवरचं झाड 'हेरिटेज' ठरतं. मग त्याचा निकाल नुसत्या नजरेवर का लावायचा? धोक्याचं झाड जरूर काढा. पण कुऱ्हाडीआधी मीटर लावा, एवढंच मागणं आहे.